एका नावाची याचिका

नाना, काल तुमच्या घरी जाऊन आले. तुम्हाला जाऊन आठवडा होत आला तरी माझा पाय निघत नव्हता. शेवटी शेजारची सुलोचना दारात येऊन म्हणाली, "रमाताई, भांडन हाय म्हनून मानूस मेल्यावर बी जानार न्हाईस व्हय?" तिला काय सांगणार? भांडण होतं म्हणूनच तर जायचं होतं. तुमच्याशी ज्यांचं भांडण नव्हतं ते सगळे येऊन, हात जोडून, चहा पिऊन कधीच परत गेले. माझं तसं नव्हतं. मला तुमच्याकडून एक उत्तर हवं होतं आणि तुम्ही ते न देताच निघून गेलात.

तुमच्या फाट्यावर उतरले तर समोर हा एवढा फ्लेक्स. तुमचा फेट्यातला फोटो आणि मागं धबधबा. आपल्या सात गावांत धबधबा कुठला हो नाना? छापणाऱ्यानं कुठल्या तरी हिरव्यागार मुलखातला उचलून तुमच्या डोक्यामागं चिकटवून दिला. खाली ठळक अक्षरांत, 'आमचे जलदाते'. मला आधी हसूच आलं. तुम्हीही मिशीवरून हात फिरवत म्हणाला असतात, "रमाताई, बघा की, पानी कुठून पडायलंय." मग फ्लेक्सच्या पलीकडं नळावर दोन बायका कळशा भरताना दिसल्या. नळाला धार चांगली होती. माझ्या गावात उन्हाळा लागला की अजूनही टँकर येतो. मी तिथंच थोडा वेळ थांबले आणि हसू कुठल्या कुठं गेलं.

आपली ओळख दुष्काळानं करून दिली. तुम्ही तळ्याच्या वरच्या अंगाच्या गावचे, चांगल्या जमिनीचे धनी, घरात पिढ्यानपिढ्यांचा मान. मी खालच्या गावची, भीमनगरातली, दावणीला दोन म्हशी. गावातल्या बायकांना गोळा करून मी दूध संस्था चालवत होते. आमच्या वस्तीतल्या बायका आणि गावातल्या बायका एकाच रांगेत किटल्या घेऊन उभ्या राहायच्या, याचाच मला केवढा अभिमान होता. पावसानं सलग दोन वर्षं तोंड दाखवलं नव्हतं. तळं आटत चाललं होतं आणि तुम्ही सातही गावं पालथी घालून माणसं जमवत होता. तसेच एक दिवस आमच्या दूध संकलनाच्या खोलीत शिरलात. फॅट मोजायचं यंत्र न्याहाळत म्हणालात, "ताई, दूध मोजता ते ठीक हाय. म्हशी पानी किती पितात ते मोजलं का कदी?" मी म्हणाले, "मोजलं की. म्हनून तर झोप लागंना." तेवढ्या बोलण्यावर तुम्ही मला पाणी समितीत घेतलंत.

समितीची रीत तुम्हीच पाडली. दर बैठक वेगळ्या गावात, आणि बोलणं सुरू व्हायच्या आधी त्या गावचं पाणी सगळ्यांनी प्यायचं. "ज्याचं पानी चाखलं न्हाई त्याच्याबद्दल बोलायचं न्हाई," म्हणायचात. कुठं मचूळ, कुठं गढूळ, कुठं टँकरच्या गंजाची चव. आमच्या गावाची पाळी आली तेव्हा बैठक बुद्धविहाराच्या ओट्यावर ठेवली. मी माठ दोनदा घासून भरून ठेवला. बाकीच्या गावांचे कारभारी आधी माठाकडं आणि मग एकमेकांकडं बघायला लागले. तुम्ही उठलात, स्वतःच्या हातानं तांब्या बुडवलात, उभ्या उभ्या गटागटा प्यालात आणि म्हणालात, "लई जड पानी हाय. डाळ शिजत नसंल." मग बाकीच्यांनाही प्यावंच लागलं. तुमच्या घराण्यातलं पहिलं माणूस आमच्या माठातलं पाणी प्यालं, आणि त्यावर तुम्ही एका शब्दाचं भाषण केलं नाहीत. त्या दिवशी मी तुम्हाला मनातून थोरला भाऊ मानलं. ते मी अजूनही मागं घेतलेलं नाही आणि सगळा त्रास त्याचाच आहे.

सरकारचा निर्णय आला तो दिवाळीच्या तोंडावर. तळ्यात जे काही पाणी उरलंय ते साखर कारखान्याच्या गाळपासाठी राखून ठेवायचं, गावांना टँकर द्यायचे. म्हणजे तळं आमच्या उशाशी आणि आम्ही रिकामे हंडे घेऊन रस्त्याकडं डोळे लावून बसायचं. आणि कारखाना कुणाचा? सहकारी. म्हणजे सभासदांचा. म्हणजे आपलाच! सात गावांत ज्याच्या नावावर सात-बारा आहे त्याच्याकडं कारखान्याचा एखादा तरी शेअर आहेच. बाप गेला की शेताबरोबर शेअरही पोराच्या नावावर चढतो. तुमच्याकडंही होता आणि रानात ऊसही उभा होता. तुम्ही ते लपवलं नाहीत. भर बैठकीत म्हणालात, "माझा ऊस वाळला तरी चालंल, पर मानसाच्या तोंडचं पानी उसाला न्हाई." टाळ्या पडल्या. मीही हात दुखेपर्यंत वाजवल्या.

मोर्चे काढून झाले, तहसीलवर मडकी फोडून झाली. कुणी ढुंकून पाहिलं नाही. मग औरंगाबादला, खंडपीठात जायचं ठरलं. आपण दोघं एसटीनं तांबोळी वकिलांकडं गेलो. वाटेत तुम्ही माझ्या फडक्यातली भाकरी आणि ठेचा खाल्लात आणि डोळ्यांतून पाणी काढत म्हणालात, "ह्या ठेच्यावर स्थगिती आना आधी." वकिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "याचिका कोण करणार?" आपण म्हणालो, समिती. ते म्हणाले, "कोर्ट विचारणार, ही समिती कोण? निर्णय सरकारनं घेतला, त्यात ह्यांचं काय बिघडलं? उद्या रस्त्यानं जाणारा कुणीही उठून सरकारला कोर्टात ओढायला लागला तर कसं व्हायचं? आधी दाद मागायचा अधिकार दाखवा, मग पाण्याचं बोला. आमच्यात ह्याला लोकस म्हणतात."

पुढची गोम त्यांनी चहा आल्यावर सांगितली. जनहित याचिका म्हटली की करणाऱ्याचं स्वतःचं हित त्यात नको. शेतकऱ्यानं केली तर समोरचे म्हणणार, हा कारखान्याचा सभासद, ह्याचं भांडण घरातलं, जा म्हणावं तुमच्या वार्षिक सभेत. आणि बाहेरच्या एखाद्या शहाण्या माणसानं केली तर म्हणणार, ह्याचा संबंध काय? तुम्ही कपाळाला हात लावलात. "म्हंजे ज्याचा घसा कोरडा त्यानं बोलायचं न्हाई, आन् ज्याचा कोरडा न्हाई त्यानं तर मुळीच बोलायचं न्हाई. मग बोलायचं कुनी, तळ्यातल्या बेडकानं?" तांबोळी वकील इतके हसले की चहा सांडला. पण तो शब्द तुम्हाला भलताच आवडला. परतताना खिडकीच्या जागेवरून एकजण भांडायला लागला तर तुम्ही शांतपणे त्याला विचारलंत, "तुमचा लोकस काय?" तो बिचारा गप्प उठून मागं जाऊन बसला.

नावांवरून आपलं पहिलं भांडण झालं. मी म्हणाले, समितीबरोबर सात गावांतली सात नावं घाला, आणि ती दूधवाल्या बायकांची घाला. आमच्याकडं ना शेअर, ना ऊस, ना सात-बाऱ्यावर नाव. घरातली माणसं आणि दावणीची जनावरं तेवढी आमची. आम्हाला कोण म्हणणार की भांडण घरातलं आहे म्हणून? तुम्ही मान हलवलीत. "ताई, सात नावं घातली की सात दारं उघडी ऱ्हातात. कुनाच्या पोराला नोकरी दाखवतील, कुनाचा ऊस नेनार न्हाईत. समिती, आन् तिच्या वतीनं अध्यक्ष म्हनून मी. येकच दार. ते मी राखतो."

"आन् दार आतूनच उघडलं तर?" मी विचारलं.

सगळे हसले. तुम्हीही हसलात, पण जरा उशिरा. "कावून ताई, माझ्यावर विश्वास न्हाई का?"

भरल्या बैठकीत असं विचारल्यावर माणसानं काय बोलावं? तरी मी म्हणाले की विश्वास वेगळा आणि सात नावं वेगळी, पण माझं कोण ऐकतो? ठराव झाला. आपल्याकडची ही जुनीच खोड आहे. सोसायटी असो, शाळा असो, कारखाना असो, एकदा अध्यक्ष म्हटलं की सगळं त्याच्याच सहीवर, बाकीच्यांनी माना डोलवायच्या. कारखान्याशी भांडायला निघालो आणि समिती बांधली ती थेट कारखान्यासारखी!

पहिल्या तारखेला तुम्ही कोर्टाच्या दालनाबाहेर चपला काढल्यात. शिपाई म्हणाला, "आजोबा, चपला घाला, इथं कुणी काढत नाही." तुम्ही म्हणालात, "न्यायाचं देऊळ म्हनता ना तुमी?" आणि अनवाणीच आत गेलात. आत सगळं इंग्रजीत चाललं होतं. सरकारी वकील हात नाचवत बोलत होते आणि आपण दोघं बघ्यासारखे बसलो होतो. मध्येच 'लोकस' ऐकू आलं की तुम्ही मला कोपरानं ढोसायचात. तांबोळी वकिलांनी बाहेर आल्यावर उलगडून सांगितलं. सरकारचं म्हणणं होतं, ही समिती म्हणजे उपटसुंभ, हिला काही अधिकार नाही. न्यायमूर्तींनी ते मानलं नाही. म्हणाले, सात गावांतली माणसं रोज मजुरी बुडवून इथवर येऊ शकत नाहीत, त्यांच्या पिण्याच्या पाण्याचा प्रश्न आहे, त्यांच्या वतीनं ही समिती बोलू शकते. आणि पुढचा आदेश होईपर्यंत कारखान्यानं तळ्यातून पाणी उपसायचं नाही.

आठवतं ना नाना? तुम्ही कोर्टाच्या आवारातल्या झाडाखाली बसकण मारलीत आणि लहान पोरासारखे रडलात. मीही रडले. मग समोरच्या गाड्यावर भजी खाल्ली आणि गाडेवाल्याला तुम्ही सगळी हकिगत सांगितलीत. तो म्हणाला, "काका, म्हणजे तुम्ही सात गावं झालात!" तुम्ही माझ्याकडं बोट करून म्हणालात, "मी येकटा न्हाई, ही बाई बी हाय." आयुष्यात मला पुष्कळांनी विचारलंय, तू कोण गं? शाळेत, तहसीलमध्ये, पाणवठ्यावर. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की ह्या प्रश्नाला उत्तर आहे आणि ते कोर्टाच्या कागदावर उतरलंय. ती भजी, ते तुमचं रडणं, तो दिवस मला तुमच्यामुळं मिळाला. ह्याबद्दल मी तुमची ऋणी आहे आणि राहणार. पुढं जे लिहिणार आहे त्यानं हे वाक्य खोटं पडत नाही.

तळ्यातले पंप बंद होते. आमच्या म्हशी काठाला जाऊन पाणी पीत होत्या. तारखा पडत होत्या, आपण दोघं जात होतो, येत होतो. फेब्रुवारीत एका संध्याकाळी तुमचा फोन आला. "ताई, तारीख पुढं गेलीया. उद्या येऊ नका, उगं हेलपाटा." मी म्हणाले, बरं झालं, म्हैस व्यायला झालीय. तुम्ही म्हणालात, "रेडकाचं नाव लोकस ठेवा." दोघंही हसलो आणि मी फोन ठेवला.

नंतर पेपरात आतल्या पानावर चार ओळी आल्या. तळ्याच्या पाण्याबाबतची याचिका समितीनं मागं घेतली, स्थगिती उठली. मी तशीच तुमच्या घरी आले. तुम्ही ओसरीवर बसला होता, माझ्याकडं न बघता म्हणालात, "केस अचानक कोर्टाच्या बोर्डावर सुनावनीला आली. म्हनलं, फेटाळली तर लईच वाईट व्हईल, त्यापरीस मागं घेतलेली बरी." मी विचारलं, समितीला का नाही विचारलं? तुम्ही म्हणालात, "येळ कुठं व्हता?" मी अर्धं खरं मानलं. अर्धं मानलं कारण माठातलं पाणी डोळ्यांसमोर होतं. आठवड्याच्या आत पंप सुरू झाले. रात्रंदिवस घरघर चालायची. आणि उन्हाळा संपायच्या आत तुमच्या गावाला, फक्त तुमच्या गावाला, 'विशेष बाब' म्हणून दुसऱ्या धरणावरून पाइपलाइन मंजूर झाली. टाकी बांधली, नळ आले, नारळ फुटला. नारळ फोडायला कारखान्याचे अध्यक्ष आले होते. तेव्हा शेंबड्या पोराला कळावं ते मलाही कळलं.

मी एकटी तांबोळी वकिलांकडं गेले. म्हणाले, माझ्या नावानं परत घाला. ते खाली बघत म्हणाले, "मागं घेताना परत दाखल करायची मुभा मागितली नाही. आणि तुम्ही त्याच समितीतल्या. कोर्ट पहिला प्रश्न विचारेल, तेव्हा कुठं होतात?" तोवर तळ्याचा तळ दिसायला लागला होता, त्यामुळं प्रश्नच मिटला. चारा छावणीत म्हशी किती दिवस ठेवणार? एकेकीनं दावण रिकामी केली. माझी उरलेली म्हैसही सिरसाळ्याच्या बाजारात गेली. देताना मी तिच्या पाठीवरून हात फिरवला नाही, फिरवला असता तर दोर हातातून सुटला नसता. संस्थेला कुलूप लागलं आणि पुढच्या हंगामात निम्म्या बायका कोयता घेऊन ऊसतोडीला गेल्या. ज्यांच्या तोंडचं पाणी उसाला गेलं त्याच ऊस तोडत होत्या. आमच्या वस्तीतल्या आणि गावातल्या बायका पुन्हा कधी एका रांगेत उभ्या राहिल्या नाहीत. नाना, मला पाण्यापेक्षा हे जास्त लागलं. तळं पुढं भरलं. ती रांग काही परत लागली नाही.

त्यानंतर आपण एकदाच बोललो, अंबाजोगाईच्या बसस्टँडवर. मी बाकावर बसले होते, तुम्ही काठी टेकत येऊन शेजारी बसलात. मग म्हणालात, "ताई, येक गाव तर वाचलं का न्हाई? न्हाईतर सात बी मेली असती."

"कुनी सांगितलं? कोर्टानं तर पंप थांबवले व्हते."

"आज थांबवले, उद्या चालू केले असते. मी लई सरकारं बघितली."

"मंग तुमच्या येकट्या गावाच्या नावानं मागायचं व्हतं पानी. सात गावांच्या नावावर कावून आनलं?"

तुम्ही काठीवर हनुवटी टेकवलीत आणि अगदी खरं बोललात. "येकट्या गावाला कोन खुर्ची देतंय, ताई? सात गावं मागं व्हती म्हनून तर बोलावलं त्यांनी मला."

बस लागली. तुम्ही लगबगीनं चढलात, खिडकीतून हाक मारलीत, "या, जागा धरलीया." मी तुमच्याकडं बघत बसून राहिले. बस गेली. पुढची बस दीड तासानं होती, त्या दीड तासात मी तुमच्याशी मनातल्या मनात इतकं भांडले की घरी पोचेपर्यंत घसा बसला होता.

त्या भांडणाचं एक अंग मला अजून सुटत नाही. तुमच्या गावातल्या पोरी आता शाळा बुडवून पाण्याला जात नाहीत, हे काल मी डोळ्यांनी पाहिलं. त्यांचा मला राग नाही, कसा येईल? कधी कधी वाटतं, माझ्या गावाला कुणी पाइपलाइन देतो म्हटलं असतं तर मी काय केलं असतं? पण मग आठवतं की मला कुणी विचारलंच नसतं. आमच्या गावाला वजन नव्हतं, भीमनगराला तर नव्हतंच. म्हणून आम्ही आमचं होतं नव्हतं ते तुमच्या पारड्यात टाकलं. कोर्टानं समितीला बोलायचा अधिकार दिला, आणि तो तुम्ही सगळ्यांच्या वतीनं बाजारात नेऊन घरच्यापुरता सौदा करून आलात. घेतलेल्या पाण्याचं दुःख मी कधीतरी गिळलं असतं नाना. आमच्या नावानं घेतलंत हे गिळता येत नाही.

काल तुमच्या अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या. कारखान्याच्या नावाचा मोठा हार तुमच्या फोटोला होता. कुणीतरी माइकवरून 'सहकारातला दिलदार माणूस' म्हणत होतं. कोपऱ्यात तांबोळी वकील दिसले, खूप थकलेत, काठी आली हातात. त्यांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "रमाताई, पक्षकार जिवंत असेपर्यंत माझं तोंड बांधलेलं होतं. आता तुम्हाला सांगावंसं वाटतं." मी म्हणाले, सांगा.

"त्या दिवशी नाना म्हणाले, याचिका मागं घ्यायची आहे. न्यायमूर्तींनी लगेच परवानगी दिली नाही. म्हणाले, ही एका माणसाची याचिका नाही, सात गावांची आहे. अध्यक्षांना चालवायची नसेल तर समितीतलं दुसरं कुणी पुढं चालवायला तयार आहे का? हे त्यांनी मुद्दाम मराठीत विचारलं, मागं बसलेल्यांना कळावं म्हणून. आणि थांबले. ताई, मी मागं वळून बघितलं. आपल्यातलं कुणी नव्हतं."

"नाना काय म्हणाले?"

"हात जोडून म्हणाले, कुणी नाही, साहेब."

इतकी वर्षं मी धरून चालले होते की दार एकच होतं आणि ते तुम्ही उघडलंत. दुसरं दार होतं! न्यायमूर्तींनी स्वतःच्या हातानं उघडून धरलं होतं. तांबोळी वकिलांना मी विचारलं, तारीख तर पुढं गेली होती ना? अचानक बोर्डावर आली ना? ते माझ्याकडं बघत राहिले. म्हणाले, "तारीख आठ दिवस आधीपासून ठरलेली होती. नानांना मीच कळवली होती. तुम्हाला ते सांगतील म्हणाले."

मी आत वहिनींकडं गेले. मथुरावहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या, माझा हात हातात घेऊन बराच वेळ रडल्या. मीही रडले, खोटं कशाला सांगू? तुमच्यासाठीच रडले. भेटायला आलेल्या बायका उठून गेल्या. मग मी विचारलं, "वहिनी, त्या दिवशी मला फोन कावून केला त्यांनी? येऊ नको म्हनून?"

त्यांना ते ठाऊक होतं. इतकं सहज ठाऊक होतं, की मलाच इतकी वर्षं ठाऊक नव्हतं याचं त्यांना नवल वाटलं. पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "शेवटी शेवटी लई नाव काढायचे तुमचं. म्हनायचे, बाकीच्या गावचे कारभारी आले असते तरी काय बिघडत नव्हतं, ते बसूनच ऱ्हायले असते. पर रमा आली असती तर उठली असती. म्हनून तिला येऊ दिलं न्हाई."

हे सांगताना वहिनी माझा हात थोपटत होत्या. त्यांच्या लेखी ती शाबासकी होती. मला वाटतं तुमच्याही लेखी असावी.

नाना, माझ्या घरच्यांनाही कधी वाटलं नसतं की मी न्यायमूर्तींसमोर तोंड उघडेन. मलाही वाटलं नव्हतं. सात गावांत तुम्हा एकट्याला ते माहीत होतं, आणि माहीत होतं म्हणूनच तुम्ही मला घरी म्हशीपाशी बसवलंत. बरोबर ओळखलंत. उठले असते मी. तुमच्यादेखत उठले असते आणि म्हणाले असते, साहेब, मी चालवते.